मदत हवी आहे: किनाऱ्यावरून डाइव्ह करताना बाहेर पडतानाच घोळ होतो

मंडळी, नमस्कार.

माझ्या खात्यात एकूण ३४ स्कूबा डाइव्ह (पाठीवर हवेची टाकी घेऊन मारलेल्या बुड्या) आहेत, त्यातल्या ३१ बोटीवरून आणि गाईडसोबत. म्हणजे जागा कुणीतरी ठरवायचं, 'उतरा' कुणीतरी म्हणायचं, आणि वर आल्यावर फिन्सही (पायात घालायचे पोहायचे पंख) कुणीतरी हातातून घ्यायचं. डोकं चालवायची वेळ फारशी आलीच नव्हती.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं गाईडशिवाय किनाऱ्यावरून उतरलो. खोली जेमतेम १२ मीटर, पाणी स्वच्छ. खाली तर इतकं मस्त चाललं होतं की फिन न हलवता खडक मागे सरकत होते. मला वाटलं, चला, आज आपली बॉयन्सी (न बुडता, न वर येता पाण्यात तरंगणं) जमली! टाकी २०० ची १०० बारवर (टाकीतल्या हवेच्या दाबाचं माप) आली तेव्हा वळलो. अर्धी जाताना, अर्धी येताना, असा साधा हिशोब. परतताना मात्र दम लागला. वर डोकं काढलं तर उतरलेली जागा दोन-अडीचशे मीटर लांब, समोर खडक, आणि सकाळी गुडघ्याएवढ्या असलेल्या लाटा छातीपर्यंत आलेल्या. हवेच्या गेजवर ३० बार.

जरा बऱ्या वाटलेल्या वाळूकडे निघालो. कमरेएवढ्या पाण्यात पाय टेकले तसा मी 'पोचलो एकदाचा' म्हणून तोंडातला रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) काढला, वाकलो आणि फिनचा पट्टा सोडवायला लागलो. तेवढ्यात मागून लाट. मास्क गेला, एक फिन गेली, दोन्ही गुडघे सोलले, आणि पोटात किती वाळू गेली ते विचारू नका. बडीने (जोडीदार डायव्हरने) टाकीच्या व्हॉल्व्हला धरून ओढत बाहेर काढलं.

तर जाणकारांनी सांगावं: वळायचं नेमकं कधी? लाटांमधून बाहेर कसं पडायचं? आणि आज उतरायचं नाही, हे कशावरून ठरवायचं? पुढच्या खेपेला आम्हीच बोट ठरवून जाणार आहोत, तिथे काय वेगळं सांभाळावं लागतं तेही लिहा. 'इन्स्ट्रक्टरला विचारा' एवढंच लिहू नका, त्यांनाही विचारणारच आहे.

उलटा_प्रवाह:
तुमचं उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे: 'फिन न हलवता खडक मागे सरकत होते'. ती बॉयन्सी नव्हती हो, करंट (पाण्याचा प्रवाह) होता!

आरामात फिन मारणारा माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० मीटर जातो. अर्धा नॉट हा ऐकायला किरकोळ करंट, पण तो मिनिटाला १५ मीटर नेतो. जाताना दोन्हींची बेरीज, येताना वजाबाकी. म्हणजे अर्ध्या हवेत गेलात तेवढं अंतर उरलेल्या अर्ध्या हवेत परत येणं शक्यच नव्हतं. म्हणून नियम एकच, आधी करंटच्या विरुद्ध जायचं. दमलेल्या माणसाला परतताना करंटने आणून सोडावं. उतरायच्या आधी तरंगत्या बोयाची दोरी कुठल्या बाजूला ताणली आहे बघा. तळाशी पोचल्यावर एक मिनिट काहीही न करता थांबा आणि समुद्रगवत कुठे झुकतंय ते बघा.

हवेचं म्हणाल तर किनाऱ्यावरून मी ५० बार आधीच बाजूला काढतो. ते माझे नाहीतच. उरलेल्या १५० चे तीन भाग, एक जायला, एक यायला, एक अडचणीला. म्हणजे २०० वर सुरू केलं तर १५० ला वळायचं. आणि चौघांमध्ये ज्याची हवा आधी संपते त्याचं गेज हे सगळ्यांचं गेज. कंटाळवाणं वाटेल, वाटू द्या.

लाट_मोजणारा:
लाटांबद्दल. सामान अंगावर चढवायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसायचं आणि बघायचं. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मग जरा उसंत मिळते. ती उसंत किती वेळ टिकते ते घड्याळावर मोजा. तेवढ्यात चौघं आत जाऊन फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे पोचत नसाल, तर आज उतरायचं नाही.

बाहेर येतानाही तसंच. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) फुगवून थांबायचं, मोठा घोळका जाऊ द्यायचा आणि शेवटच्या लाटेच्या पाठोपाठ निघायचं. मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडात, कोरड्या वाळूवर पाय लागेपर्यंत. तुम्ही नेमकं इथेच चुकलात. शिवाय ३० बारवर तिथे थांबायची चैन तुम्हाला नव्हती, म्हणून घाई झाली. वर सांगितलेले राखीव ५० बार याच्यासाठी असतात. लाट आहे तिथे वाकून फिन काढायची नाही. एकतर खोल पाण्यात तरंगत असताना काढून पट्टा मनगटात अडकवा, नाहीतर फिन्स घालूनच बाहेर या. पडलात तर उभं राहायची धडपड नको, टाकीचं वजन परत पाडतं. गुडघ्या-कोपरांवर रांगत या. दिसायला वाईट दिसतं खरं!

आणखी एक. आम्ही बाहेर पडायची जागा आधी ठरवतो, आत शिरायची नंतर. तीही एक नव्हे, दोन. भरतीला पाण्याशी समतल असलेला कातळ ओहोटीला डोक्याएवढा उंच होतो. भरती ते ओहोटी सव्वासहा तास धरा, मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात जोरात चढतं-उतरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात नवख्या जागी किनाऱ्यावरून उतरूच नका. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा जा.

धागाकर्ता:
खजील झालोय, पण डोळे उघडले. तारीख काढून बघितली, पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. आणि आता कळतंय की आमच्यातल्या एकीला सकाळीच 'नको' वाटत होतं. सगळे तयार होऊन उभे होते म्हणून ती बोलली नाही.

लाट_मोजणारा:
हे गुडघे सोलण्यापेक्षा गंभीर आहे. आमच्यात कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह रद्द करू शकतं आणि नंतर चहाच्या वेळी त्यावरून चेष्टा करायची नाही. दुसरा भाग पाळायला जास्त कठीण जातो.

शिडीखाली_नको:
बोटीचं मी सांगतो. पहिलं म्हणजे चौघंही पाण्यात आणि बोट रिकामी, असं कधीही नाही. बोट चालवता येणारा माणूस वर हवाच. नांगर सुटला तर पोहत बोट गाठणार का? नांगरलेल्या बोटीच्या मागे बोया बांधलेली लांब दोरी सोडून ठेवा, करंटने मागे गेलेला माणूस ती पकडतो. डायव्हर खाली असल्याचा झेंडा लावा. वर येताना सेफ्टी स्टॉपवर, ५ मीटरला ३ मिनिटं थांबता तेव्हा, एसएमबी (रीलवरच्या दोरीला बांधलेला फुगवायचा बोया) वर सोडा, म्हणजे बोटवाल्याला आणि इतर बोटींनाही तुम्ही कुठे आहात ते दिसतं. इंजिन न्यूट्रलमध्ये असल्याचा इशारा मिळाल्याशिवाय शिडीजवळ जायचं नाही, आणि शिडीवर कुणी असेल तर त्याच्या खाली थांबायचं नाही. माझं नाव उगाच नाही. एकदा वरच्या माणसाचा वेट बेल्ट (वजनं लावलेला पट्टा) सुटून माझ्या खांद्यावर आलाय.

आणि हजेरी. डोकी मोजू नका, नाव घ्या, चेहरा बघा, स्वतःच्या तोंडाने 'आहे' म्हणू द्या. दुसऱ्याने 'तो खाली केबिनमध्ये आहे' सांगितलेलं चालणार नाही. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन जोडपं असंच समुद्रात राहिलं. बोट परतली, आणि ते हरवल्याचं लक्षात यायला दोन दिवस लागले, तेही बोटीवर राहिलेल्या त्यांच्या सामानावरून. ते दोघं सापडले नाहीत.

खोल जाणार असाल तर हवेचा हिशोबही बदलतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला २० मीटरवर ६० लागतात, कारण तिथे दाब तिप्पट असतो. १२ लिटरची टाकी २०० वरून ५० वर यायची म्हणजे १८०० लिटर, जास्तीत जास्त अर्धा तास. त्यात वर यायचा वेळही धरा.

उलटा_प्रवाह:
एक राहिलं. किनाऱ्यावर असो वा बोटीवर, ऑक्सिजनचा संच आणि तो लावता येणारा माणूस हवा. डाइव्हनंतर सांधे दुखायला लागले, मुंग्या आल्या, विचित्र थकवा आला तर 'झोपलं की बरं वाटेल' म्हणू नका. आडवं करून १०० टक्के ऑक्सिजन द्या, लगेच डॉक्टरी मदत मागवा, आणि रीकम्प्रेशन चेंबर (जास्त दाबाखाली उपचार करायची बंद खोली) कुठे आहे हे उतरायच्या आधीच माहीत असू द्या. पुन्हा पाण्यात नेऊन 'बरं' करायला जाऊ नका. विमान असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त झाल्या असतील तर १८ तास थांबा.

धागाकर्ता:
सगळं वहीत उतरवलं. दोनच शंका. बडी दिसेनासा झाला तर किती शोधायचं? आणि एसएमबी आमच्याकडे आहे, पण पाकिटातून काढलेलीच नाही.

शिडीखाली_नको:
जागच्या जागी गोल फिरून एक मिनिट, बुडबुडेही बघा, मग नेहमीच्या वेगाने वर. तोही तेच करेल, फक्त ते आधी बोललेलं असलं पाहिजे. एसएमबी आधी पाच मीटरच्या शांत पाण्यात चार-पाच वेळा सोडून बघा. रील अंगाला क्लिप केलेली नको, हातात धरा. अडकली तर सरळ सोडून द्या, रील दुसरी मिळते.