मदत हवी आहे: किकरला 'आइस' करायला टाइमआउट नेमका कधी घ्यावा? (अमेरिकन फुटबॉल)

चिंतातुर_बाबा

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकन फुटबॉलचा आहे, त्यामुळे निम्मे लोक शीर्षक वाचूनच परत फिरतील. उरलेल्यांनी कृपया मदत करा, घरात चार दिवस अबोला आहे.

आम्ही ओहायोत राहतो. मुलगा हायस्कूलच्या ज्युनियर व्हर्सिटी (जेव्ही, म्हणजे शाळेचा दुसऱ्या फळीचा) संघात लाँग स्नॅपर आहे. म्हणजे वाकून पायांमधून चेंडू मागे फेकणारा (त्या फेकीला 'स्नॅप' म्हणतात), ज्याचं नाव फक्त चूक झाली की घेतलं जातं. मी स्वयंसेवक म्हणून साइडलाइनवर असतो. आधी पाण्याच्या बाटल्या भरायचो. मग कोचने बढती दिली: कोणाचे किती टाइमआउट उरलेत, घड्याळात किती वेळ आहे, हे बघून त्याच्या कानात सांगायचं. भारतीय माणूस म्हणजे आकडेमोड चोख, असा त्याचा समज. तो गेल्या गुरुवारी दूर झाला.

चौथा क्वार्टर, शेवटची काही सेकंदं. आम्ही १४, ते १३. ते फील्ड गोलची किक मारायला आले, ३४ यार्डांची. मारली तर तीन गुण आणि सामना त्यांचा. टीव्हीवर कोच लोक अशा वेळी टाइमआउट घेऊन किकरला 'आइस' करतात, म्हणजे ताटकळत ठेवून त्याच्या मनात किडा सोडतात, हे मी शंभरदा पाहिलंय. मी ओरडलो, "टाइमआउट!" कोचने माझ्या भरवशावर मागितला, मिळाला. मिनिटभराने त्या पोराने शांतपणे किक मारली, चेंडू दोन खांबांच्या बरोब्बर मधून. १६-१४. गाडीत मुलगा फक्त एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही त्यांना गिफ्ट दिलंत."

मला वाटतं मी फार लवकर ओरडलो. स्नॅपच्या आधीचा तो शेवटचा क्षण कसा ओळखायचा? काही खुणा असतात का?

शारजा_८६

खेळातलं फारसं कळत नाही, पण प्रकार ओळखीचा वाटला. शेवटच्या चेंडूला चार धावा हव्यात आणि कर्णधार अर्धा तास क्षेत्ररक्षण लावतोय. माझं नाव वाचा, त्याचा शेवट काय होतो ते कळेल. वेळ काढल्याने फलंदाजच घाबरतो हे कोणी ठरवलं? आमच्या वेळी तर गोलंदाज घाबरला होता.

फोर्थडाउन_फडके

खुणा असतात, सांगतो.

किकर आधी मागे तीन पावलं मोजतो, मग बाजूला दोन. हात सैल सोडतो, खांबांकडे एकदा बघतो. गुडघ्यावर बसलेला होल्डर, म्हणजे किकसाठी चेंडू धरणारा, त्याच्याकडे मान वळवून विचारतो, तयार? किकर मान हलवतो. मग होल्डर स्नॅपरकडे वळून हात पुढे करतो. किकरची मान हलते तो तुमचा क्षण. होल्डरचा हात पुढे गेला की उशीर झालाच म्हणून समजा, कारण स्नॅपपासून किकपर्यंत जेमतेम सव्वा-दीड सेकंद असतो.

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, हे फॅड २००७ मध्ये वाढलं. २००४ पासून मुख्य कोचला साइडलाइनवरून स्वतः टाइमआउट मागायची मुभा मिळाली, त्याआधी मैदानातल्या खेळाडूने मागावा लागे. सप्टेंबर २००७ मध्ये डेन्व्हरच्या माइक शॅनाहानने ओकलंडविरुद्ध ओव्हरटाइममध्ये स्नॅपच्या अगदी तोंडावर टाइमआउट घेतला. सेबॅस्टियन यानिकोव्स्कीची ५२ यार्डांची किक आत गेली होती, ओकलंडवाले नाचायला लागले होते, आणि पंच हातवारे करताहेत की धरली जाणार नाही. दुसरी किक खांबावर आदळली, डेन्व्हर जिंकलं. पुढच्याच आठवड्यात ओकलंडच्या लेन किफिनने तोच डाव क्लीव्हलंडवर उलटवला. फिल डॉसनची पहिली किक आत, पण रद्द. दुसरी ओकलंडने अडवली.

पण लक्षात घ्या, इतक्या उशिरा घेतलात तर शिट्टी वाजूनही चेंडू मागे येतो आणि किकर किक मारूनच टाकतो. म्हणजे त्याला फुकटात सराव. वारा कुठून येतोय, पाय कुठे घसरतोय, सगळं कळतं. जानेवारी २०१३ च्या प्लेऑफमध्ये सिअॅटलच्या पीट कॅरोलने अटलांटाच्या मॅट ब्रायंटला असंच थांबवलं. पहिली किक बाहेर गेली होती! तीच धरली असती तर सिअॅटल जिंकलं असतं. दुसरी ४९ यार्डांवरून आत, अटलांटा ३०-२८.

बफेलोकर

फडकेसाहेब, बफेलोचा किस्सा विसरलात. २ डिसेंबर २००७, आम्ही वॉशिंग्टनमध्ये. शेवटची काही सेकंदं, आम्ही दोन गुणांनी मागे, रायन लिंडेलची ५१ यार्डांची किक. त्यांचा कोच जो गिब्स, तीन सुपर बोल जिंकलेला माणूस. त्याने एक टाइमआउट घेतला. मग लगेच दुसरा मागितला. एनएफएलमध्ये किकरला थांबवायला लागोपाठ दुसरा टाइमआउट मागणं म्हणजे खिलाडूवृत्तीचा भंग, १५ यार्डांचा दंड. ५१ ची किक ३६ वर आली. लिंडेलने ती डोळे मिटून मारली असती. आम्ही १७-१६.

त्या आठवड्यात त्यांचा खेळाडू शॉन टेलर वारला होता, सगळा संघ सुतकात होता, त्यामुळे आनंद करतानाही बरं वाटलं नाही. पण नियम तो नियम.

तिखटमीठ

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण कॉलेजात असताना व्हॉलीबॉल खेळायचे आणि सर्व्हिस माझी चांगली होती. आमच्याकडेही हाच धंदा. सलग चार-पाच सर्व्हिस लागल्या की समोरचा कोच ३० सेकंदांचा टाइमआउट घेतो.

खरं सांगू? भीती टाइमआउटची वाटत नाही. आमच्या मॅडम त्या ३० सेकंदांत माझ्याशी सर्व्हिसबद्दल चकार शब्द बोलायच्या नाहीत. पाणी पी, बुटाची लेस बघ, एवढंच. त्यामुळे परत रेषेवर गेले की हात आपोआप चालायचा. एकदा मॅडम आजारी होत्या, बदली सर आले आणि टाइमआउटमध्ये म्हणाले, "ही चुकवू नकोस हं." चेंडू थेट जाळीत. आता सांगा, मला आइस कोणी केलं?

फोर्थडाउन_फडके

तिखटमीठ, दंडवत. आणि स्वतःच्याच कोचने घात केल्याचं उदाहरण एनएफएलमध्येही आहे! ४ डिसेंबर २०११, डॅलस विरुद्ध अॅरिझोना, १३-१३ बरोबरी. डॅलसच्या डॅन बेलीने ४९ यार्डांची किक मारली, आत गेली. पण डॅलसच्याच कोचने, जेसन गॅरेटने, स्नॅपच्या आधी टाइमआउट घेतला होता. दुसरी किक हुकली, ओव्हरटाइममध्ये अॅरिझोना जिंकलं.

पट्टेवाला

आयडी बघून हसू नका. शाळेच्या सामन्यांत पंचगिरी करतो, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून. घरी चहाही मीच आणून देतो, तेव्हा दोन्ही अर्थांनी पट्टेवाला.

पंचाच्या बाजूने दोन गोष्टी. एक, कोच ओरडला म्हणजे टाइमआउट झाला नाही. पंचाने ऐकलं पाहिजे, चेंडू मृत असला पाहिजे, मग तो शिट्टी मारतो. स्नॅप सुटल्यावर कितीही उड्या मारा. किकच्या वेळी गर्दी आरडाओरडा करत असते आणि जेव्हीच्या सामन्याला पंच आधीच कमी, त्यात कोणीतरी खांबाखाली जाऊन उभा. म्हणून शहाणा कोच आधीच जवळच्या पंचाशेजारी येऊन हळूच सांगतो, "मला स्नॅपच्या आधी एक हवाय, माझ्याकडे लक्ष ठेवा." आम्हाला राग येत नाही, उलट बरं पडतं.

दुसरं म्हणजे, बाबा, तुम्ही सेकंदांचं विचारताय, पण महत्त्वाचं सांगितलंच नाहीत. तुम्ही ओरडलात तेव्हा घड्याळ चालू होतं की थांबलेलं? आणि त्यांच्याकडे किती टाइमआउट शिल्लक होते?

चिंतातुर_बाबा

सर्वांचे आभार. तिखटमीठ, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली या बाईंना कोच करा.

पट्टेवाला, त्यांच्याकडे शून्य. आमच्याकडे एक. घड्याळ चालू होतं. थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) त्यांनी चेंडू घेऊन पळायचा प्रयत्न केला, आमच्या पोरांनी मैदानाच्या आतच पाडला, १७ यार्डांच्या रेषेवर. तेव्हा १९ सेकंद होते. मग त्यांची किकिंग टीम धावत आली, जरा गोंधळ चालला होता, एकजण हेल्मेट शोधत होता. ११ सेकंद असताना मी ओरडलो.

पट्टेवाला

अरेरे.

मुलगा बरोबर बोलला. बसा, सांगतो.

घड्याळ पळतंय, त्यांच्याकडे ते थांबवायचं साधन नाही. १९ सेकंदांत आधीच्या अकरा जणांनी बाहेर पळायचं, किकच्या अकरा जणांनी आत यायचं, रांग लावायची, होल्डरने जागा शोधायची, किकरने पावलं मोजायची. मोठे संघ याचा वेगळा सराव करतात. शाळेतली पोरं? हेल्मेट शोधणारा असेल तर दहाच्या दहा वेळा काहीतरी चुकतं. कोणी आधी हलतं, स्नॅप घरंगळतो, नाहीतर वेळच संपते. तुमच्या संघाने नुसतं उभं राहायचं होतं. आणि तुम्ही स्वतःच्या खिशातला टाइमआउट काढून त्यांच्यासाठी घड्याळ थांबवलंत. टाइमआउटनंतर घड्याळ स्नॅपलाच सुरू होतं, म्हणजे त्यांना हेल्मेट, पाणी, पावलं, सगळ्याला निवांत वेळ. किकर गार पडला नाही, उलट त्याचा धापा टाकणारा संघ थंड झाला.

यात तुम्ही मान हलण्याच्या क्षणी ओरडलात की दोन सेकंद आधी, याने काडीचा फरक पडत नव्हता.

फोर्थडाउन_फडके

पट्टेवालांशी शंभर टक्के सहमत. मी घड्याळाचं विचारायला हवं होतं, किश्श्यांत वाहवलो.

आइस करायचा सौदा तेव्हाच, जेव्हा घड्याळ आधीच थांबलेलं आहे आणि तो टाइमआउट तुम्हाला दुसऱ्या कशासाठी लागणार नाही. तीन-चार सेकंद राहिलेत, किकनंतर सामना संपणार, तर खिशात ठेवून करायचंय काय? घरी नेता येत नाही. पण २५-३० सेकंद उरले असतील तर किक आत गेल्यावर चेंडू तुमच्याकडे येणार, तेव्हा तोच टाइमआउट सोन्याच्या भावाचा. किकरच्या मनःशांतीवर उधळू नका.

शारजा_८६

पण मुळात हे आइस करणं चालतं का? आकडे आहेत का कोणाकडे?

फोर्थडाउन_फडके

आहेत आणि भांडतात. २००४ मध्ये स्कॉट बेरी आणि क्रेग वुड या संख्याशास्त्रज्ञांनी एनएफएलच्या २००२ आणि २००३ च्या हंगामांचा हिशेब मांडला. ४० यार्डांच्या आसपासच्या दडपणातल्या किकची शक्यता साधारण ७६ टक्क्यांवरून ६६ वर येते, असं त्यांचं म्हणणं. २०११ मध्ये टोबायस मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम यांनी जास्त वर्षांच्या किका तपासल्या, त्यांना फरक सापडला नाही. माझं मत दुसऱ्या बाजूला. व्यावसायिक किकरचं पोटच त्यावर चालतं, मिनिटभर उभं राहिल्याने काय होणार?

बफेलोकर

मग कोडी पार्कीचं काय? ६ जानेवारी २०१९, शिकागो. फिलाडेल्फियाच्या डग पीडरसनने टाइमआउट घेतला, ४३ यार्डांची पहिली किक आत गेलेली रद्द, दुसरी आधी खांबावर, मग आडव्या दांडीवर, आणि बाहेर. फिलाडेल्फिया १६-१५. अख्खं शहर त्या बिचाऱ्याच्या मागे लागलं.

फोर्थडाउन_फडके

ती दुसरी किक फिलाडेल्फियाच्या ट्रेव्हन हेस्टरच्या बोटाला लागली होती हो. एनएफएलने नंतर अधिकृत नोंदीतही ती अडवलेली किक म्हणूनच लिहिली. मनाचा खेळ नव्हे, बोटाचा. डॉसनचीही अडवलीच होती. टाइमआउटमध्ये किकर काय विचार करतो यापेक्षा बचाव करणारे अकराजण कुठून घुसायचं ते ठरवतात, याचा फायदा मला जास्त वाटतो. बाबा, पुढच्या वेळी घेतलात तर ते मिनिट तुमच्या पोरांशी बोलण्यात घालवा.

तिखटमीठ

आणि "ही जाऊ देऊ नका हं" असं मात्र बोलू नका.

चिंतातुर_बाबा

मंडळी, डोक्यात प्रकाश पडला आणि तोंडावर अंधार. मी चार दिवस स्नॅपच्या आधीचे सेकंद मोजत बसलो होतो आणि चूक निराळीच निघाली. आज सरावाआधी कोचला जाऊन सांगितलं की दोष माझा. तो म्हणाला, मागितला तर मीच ना, घड्याळ मलाही दिसत होतं. भला माणूस आहे. काम काढून घेतलं नाही, पण आता माझ्या गळ्यात एक पुठ्ठ्याचं कार्ड आहे, त्यावर त्याने मार्करने ठळक लिहिलंय: "घड्याळ पळतंय? गप्प बस." (मराठी अनुवाद माझा. मूळ मजकूर इथे देण्यासारखा नाही.)

पुढच्या गुरुवारी सामना त्यांच्या मैदानावर. पट्टेवालांचा सल्ला मानून कोच बाजूच्या पंचाला आधीच बोलून ठेवणार आहे.

अवांतर: मुलाने हा धागा वाचला. देवनागरी त्याला अडखळत येते, त्यामुळे पाऊण तास लागला. माझ्या शेजारी बसून वाचत होता, म्हणजे अबोला सुटला असं समजतो. त्याची एकच दुरुस्ती आहे. हेल्मेट शोधणारा एक नव्हता. दोघं होते, आणि त्यातला एक त्यांचा होल्डर होता.