लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) ऑर्गन गप्प ठेवायचा का? आणि लग्नात मिरवणुकीच्या तेच ते दोन मार्च-धुनी का? मतं सांगा

पेटीवाली_इंदूर
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या मंडळीत रविवारी मी वाजवते, पाइपवाला ऑर्गन नाहीये, कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावून, पण काम तेच. पाळकसाहेबांनी वर्षभराची यादी करायला सांगितलीय, कुठल्या सणाला काय वाजवायचं, आणि त्यावरून क्वायरमध्ये जुंपलीय म्हणून इथे मांडते.

माझं म्हणणं, काय वाजवायचं ते काळ ठरवतो, आपली हौस नाही. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार वाट बघायचे आहेत, तेव्हा बाळ जन्मल्याची गाणी कशाला? ती 24 च्या रात्रीपासून सुरू करा आणि 6 जानेवारीपर्यंत मनसोक्त गा. आपण 26 लाच गुंडाळतो, सण तर तेव्हा नुकता सुरू झालेला असतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत गाण्याला साथ तेवढी द्यायची, नुसता ऑर्गन वाजवायचा नाही, सुरुवातीला नाही आणि अर्पण गोळा होतानाही नाही. आणि लग्नात वॅग्नर, मेंडेल्सनचे मार्च बंद. दोन्ही नाटकातले आहेत, उपासनेसाठी लिहिलेलेच नाहीत. वॅग्नरचं तर ऑपेरात लग्न लागून गेल्यावर, जोडप्याला खोलीत पोचवताना गातात आणि त्याच रात्री ते लग्न मोडतं. आपण त्यावर नवरी आत आणतो!

मालवी_टेनर
ताई, तुमचा अभ्यास आहे, मान्य. पण 24 पर्यंत कॅरोल नाही तर मग ऐकवायचं कोणाला? आपल्या इंदूरात डिसेंबरच्या मध्यापासून पोरं घरोघर कॅरोल गात फिरतात, शेजारचे हिंदू, जैन, सिंधी सगळे गेटवर येऊन उभे राहतात, वर्षातून तेवढंच आपलं गाणं त्यांच्या कानावर पडतं. आणि 26 ला अर्धी मंडळी नगर, नाशिक, पुण्याला गावी निघून गेलेली असते, 6 जानेवारीपर्यंत वाजवाल पण बाकं रिकामी असतील त्याचं काय. शिवाय हे लेंटचे नियम कॅथलिकांचे, आपण प्रॉटेस्टंट, आपल्याला कोणी सांगितलंय?

पेटीवाली_इंदूर
@मालवी_टेनर दादा, घरोघरच्या कॅरोलबद्दल मी बोललेच नाही, ते रस्त्यावर जरूर गा. मी उपासनेपुरतं बोलतेय. आणि हे फक्त कॅथलिकांचं नाही हो. जर्मन संगीतकार बाख लुथरन, लायप्झिगला होता तेव्हा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी कँटाटा (गायक आणि वाद्यवृंदाची रचना) व्हायचा आणि मग थेट नाताळला, मधले तीन रविवार वाद्यवृंद बंद. लेंटमध्येही जवळपास तसंच, आणि मग उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, एकदम पॅशन, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची संगीतरचना. 1724 साली योहानाच्या शुभवर्तमानावरचं पॅशन लोकांनी पहिल्यांदा ऐकलं ते इतक्या आठवड्यांच्या शांततेनंतर, विचार करा कसं अंगावर आलं असेल. त्याच बाखने ऑर्गनसाठी चर्चच्या वर्षाच्या क्रमाने एक छोटी वही लिहायला घेतली, 164 गीतांचा बेत होता, 46 तुकडेच झाले. म्हणजे कुठल्या रविवारी काय, हा प्रश्न प्रॉटेस्टंट ऑर्गनिस्टाच्या बाकावरच बसलेला आहे, आपण बाहेरून आणलेला नाही.

वसईची_सून
मी कॅथलिक, लग्नानंतर इंदूरला आले. ताई, तुमचा नियम आमच्यापेक्षाही कडक आहे. आमच्याकडे लेंटमध्ये ऑर्गन फक्त गाण्याच्या साथीला हे बरोबर, पण चौथा रविवार आणि मोठे सण सोडून, त्या दिवशी वाजवता येतो. आगमनकाळात तर बंदी नाहीच, बेताने वाजवा एवढंच सांगितलंय, म्हणजे नाताळचा पूर्ण आनंद आधीच उधळून टाकू नका. मला तो बेत जास्त पटतो. पूर्ण बंद ठेवला की म्हाताऱ्या माणसांना वाटतं, वाजवणारी आजारी आहे का. पण एक सांगते, पवित्र गुरुवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत झालं की ऑर्गन थांबतो तो ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या ग्लोरियालाच परत सुरू होतो, घंटा पण तेव्हाच. ते तरी तुमच्याकडे करून बघा, लहान मुलांना सुद्धा कोणी न सांगता कळतं काय झालं ते.

नाट्यपद_वेडा
मी ख्रिस्ती नाही, पण ऑर्गन दिसला म्हणून आलो. माझा आक्षेप वेगळा आहे. "नाटकातलं म्हणून उपासनेला नको" हे मला पटत नाही. हा ऑर्गन मराठी माणसाच्या घरात आला तोच मुळी रंगभूमीवरून. गंधर्व नाटक मंडळी 1913 मध्ये निघाली, त्यांच्याकडे पायाने भाता मारायचा ऑर्गन, सारंगी आणि तबला, आणि त्याच पदांच्या चालींवर लोकांनी पुढे देवळात भजनं म्हटली, देव काही रागावला नाही. आणि काळाचं म्हणाल तर आमच्याकडेही संध्याकाळचा यमन सकाळी कोणी गात नाही, पण भैरवी सकाळची असून मैफल रात्री दोनला संपली तरी शेवट भैरवीनेच. काळाचा नियम असतो आणि प्रसंगाचाही असतो, दोन्ही एकमेकांशी भांडतात तेव्हा प्रसंग जिंकतो. लग्न हा प्रसंग आहे.

नगरचे_काका
सगळे बाख आणि वॅग्नरवर भांडताय, आपलं मराठी गीतांचं 'उपासना संगीत' पुस्तक कोणी उघडणार आहे का? रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर जी पदं लिहिली ती कीर्तन-भजनाच्या अंगाने, ती इंग्रजी ठोकळ्यासारखी चार सुरांत वाजवली की मरतात. त्यांना पेटी, तबला आणि झांज लागते. पेटीला मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, येत नाही हे खरं, तरी शब्दांमागून चालते ती, पुढे धावत नाही. ऑर्गनचा आवाज अखंड, त्यामुळे मंडळी कडव्यांच्या मध्ये श्वासच घेत नाही आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळे मागे पडतात. मी तर म्हणतो लेंटभर ऑर्गन बंद ठेवून टिळकांची पदं पेटीवर घ्या, पेटीवालीताईंचंही राहील.

पेटीवाली_इंदूर
काका, हे मनापासून पटलं, यादीत टाकते. श्वासाचं म्हणाल तर दोष ऑर्गनचा नाही, वाजवणाऱ्याचा आहे, कडवं संपलं की हात पूर्ण उचलायचा, एक मात्रा सोडायची आणि मगच पुढचं. प्रस्तावना म्हणून शेवटची ओळ वाजवली तर लोक बरोबर स्वरात लागतात.
@नाट्यपद_वेडा भैरवीचा मुद्दा मी घेते, पण भैरवी गाणाऱ्याला माहीत असतं की ही भैरवी आहे. आपल्याकडे हे मार्च वाजतात ते व्हिक्टोरिया राणीच्या मुलीच्या लग्नात 1858 साली मेंडेल्सनचा वाजला म्हणून, तिथून ही रीत जगभर पसरली. तो राजघराण्याचा रिवाज होता, उपासनेचा नाही.

नवरीचा_मामा
ताई, एप्रिलमध्ये, ईस्टर झाल्यावर, भाचीचं लग्न आहे आणि मी स्पष्ट विरोधात आहे. माझ्या बहिणीच्या लग्नाला तोच मार्च वाजला होता, तिला मुलीसाठीही तोच हवाय. ऑपेरात पुढे काय झालं ते आमच्या घरात कोणाला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. पाहुण्यांत निम्मे हिंदू, त्यांना चर्चचं लग्न म्हटलं की ती धून आठवते, ती वाजली की सगळे उठून उभे राहतात, कोणाला खूण करावी लागत नाही. तुमच्या नव्या धुनीवर कोण उठणार?

पेटीवाली_इंदूर
मामा, क्लार्कचा डेन्मार्कच्या राजपुत्राचा मार्च ऐकलाय? 1700 च्या आसपासचा, पुष्कळ वर्षं पर्सेल या दुसऱ्या संगीतकाराच्या नावावर खपला. ट्रंपेटचा आवाज लावला तर पहिल्या चार सुरांत लोक उठतील याची मी खात्री देते, आणि 1981 मध्ये लंडनला राजपुत्र चार्ल्सच्या लग्नात नवरी त्यावरच चालत आली होती. बाहेर पडताना मेंडेल्सन हवाच असेल तर तिथे मी नमते घेईन, आत येताना मात्र नाही.

नवरीचा_मामा
ऐकला आत्ता. चांगला आहे, दमदार आहे. पण बहिणीला विचारलं, ती म्हणते नाही. यादी पाळकसाहेबांकडे द्या, पण "घरच्यांची मर्जी" असा एक रकाना ठेवाच, नाहीतर मी मंडळीच्या सभेत हा विषय काढणार.

मालवी_टेनर
मामांना माझं मत. आणि ताई, 24 च्या आधी निदान चौथ्या रविवारी तरी एक कॅरोल?

पेटीवाली_इंदूर
चौथ्या रविवारी संध्याकाळी, उपासना झाल्यावर, अंगणात. आत नाही.