लेक दारातूनच मार्क सांगते, मग चप्पल काढते

मुखेडकरीण:
नमस्कार. लेक बारावीला, डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा करायलीय. अकरावीपासून लातुरात ट्युशन एरियात खोली करून मी तिच्याजवळ राहते. हे आणि धाकटा गावाकडं, त्यांचं सासूबाई बघतात. सप्टेंबरच्या पावसात निम्मं सोयाबीन पाण्यात गेलं. उरलेलं डागी म्हणून ३९०० नं विकलं, हमीभाव ५३२८ असताना. हे सगळे आकडे लेकीला पाठ आहेत.

दर रविवारी ७२० ची टेस्ट असते. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर निकाल पडतो, रोल नंबरनं. आधी लेक जिना चढतानाच "मम्मी, भूक लागली" म्हणत यायची. आता दारातून "चारशे बारा" म्हणते आणि मग चप्पल काढते. मागच्या रविवारी मी भाकरी थापत होते. आकडा सांगून ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मी काही बोलले नाही, तर म्हणते, "फिजिक्स सगळ्यांनाच अवघड गेलं." मी विचारलंही नव्हतं! तेवढ्यात तव्यावरची भाकर करपली. म्हणाली, "ती मलाच वाढ."

शेजारच्या खोलीतली माय रात्री उठून बघते, कुणाकुणाच्या खोलीत लाईट चालू आहे. मीही बघते, खोटं कशाला बोलू. ह्यांचं म्हणणं, नंबर नाही लागला तर रिपीट करू, एक एकर गेला तरी चालेल. फोनचा स्पीकर चालू होता, लेकीनं ऐकलं.

मी इथं तिचा आधार आहे का पहारेकरी? तिला होस्टेलला ठेवून गावाकडं जाऊ का? आणि मार्क विचारायचेच नाहीत म्हटलं तर बोलायचं काय? दीड वर्षात आमच्यात दुसरा विषयच उरला नाही.

जुना रिपीटर:
ताई, जाऊ नका. मी होस्टेलला होतो. पहारा तिथंही होता, फक्त रेक्टरचा. दुसऱ्या वर्षी मी महिनाभर टेस्टलाच गेलो नाही. बसस्टँडवर बसून राहायचो आणि रात्री घरी फोनवर आकडा ठोकून द्यायचो. ४८०, ४९५, दर आठवड्याला थोडा वाढवून. घरी पेढे वाटायचेच बाकी होते. तुमची लेक अजून ४१२ खरं सांगते, ही लहान गोष्ट नाही. एकराचं मात्र तिच्या पप्पांनीच तिला सांगावं, की विकणार नाही. तुम्ही सांगितलं तर तिला ती समजूतच वाटेल.

ठाम मत:
वीस लाखांच्या वर पोरं बसतात ताई. असं हळवं होऊन सीट मिळत नसते. आईनं कडक राहायलाच पाहिजे.

निवृत्त गुरुजी:
कडक राहा, पण कशाबद्दल ते कळू द्या. ११२ बरोबर, ३६ चूक, ३२ सोडले, की ४१२ होतात. १०३ बरोबर, एकही चूक नाही आणि ७७ सोडले, तरी ४१२ च. बरोबरला ४, चुकीला १ कापला जातो, म्हणून. पहिली पोरगी दिसेल तो गोल काळा करत सुटते, तिला थांबायला शिकवायचं. दुसरी घाबरते, तिला हात सोडून चालवायचं. आपली कुठली ते आकड्यावरून कळत नाही. आकडा ग्रुपवर येतोच, तुम्ही पेपर घेऊन बसा. विषय समजत नसला तरी चालतं. "हा का सोडलास?" एवढं विचारायला फिजिक्स लागत नाही.

आणि क्लासच्या आकड्याला ब्रह्मवाक्य समजू नका. २०२४ ला आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले, निकाल सुधारल्यावर १७ उरले. २०२५ ला पेपर असा आला की देशात पहिल्याला ६८६. राज्याच्या सीईटी प्रवेश परीक्षेचा फॉर्मही जरूर भरा. तिथं चुकीला मार्क कापत नाहीत, आणि फार्मसी, कृषी दोन्हीची वाट त्यातूनही जाते. जेवण तुटलं, झोप गेली, "माझ्यामुळं खर्च होतो" असली भाषा वारंवार यायला लागली, तर टेलि-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मुखेडकरीण:
गुरुजी, काल रविवार होता. लेक दारातून "चारशे अठ्ठावीस" म्हणाली. मी म्हटलं, "सोडलेस किती?" ती गडबडली. पेपर काढून मोजायला लागली, चप्पल पायातच. अठ्ठेचाळीस निघाले. त्यातला एक दाखवून विचारलं, हा का सोडला. म्हणाली, "येत होता. पण चुकला असता तर मायनस, आणि मग तू..." पुढं बोललीच नाही.

म्हणजे आमची दुसरी पोरगी.

आम्ही दोघी त्या अठ्ठेचाळिसांवर खुणा करत बसलो. एकवीस तिला येत होते. जेवायला साडेदहा वाजले. ह्यांना अजून फोन केला नाही, त्यांचे दोन मिस्ड कॉल पडून आहेत.