बिनपंख्याचा पीसी अन् नागपूरचा मे

टीव्हीला जोडायला बिनपंख्याचा मिनी पीसी घ्यावा का, असं विचारलंय तुम्ही. पुण्यात चालेल हो, पण इथे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. माझा टीव्हीखालच्या बंद कप्प्यात होता. दुपारी सिनेमा अडखळायचा, पेटीला हात लावला की चटका. आता इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा, छोट्या पंख्यावाला घेतलाय. प्रोसेसर ६ वॅटचा, तरी ४के सिनेमे एचईव्हीसी अन् एव्ही१ या दोन्ही दाबून साठवायच्या पद्धतींतले असले तरी हार्डवेअरवरच डीकोड करतो, म्हणजे उलगडतो.

खरा घात विजेचा. लाइट सारखी जाते-येते, त्यात माझी एक हार्ड डिस्क गेली. म्हणून आधी यूपीएस, जास्तीची रॅम नंतर. आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या झोतात ठेवू नका बाप्पा, माझ्या एचडीएमआय पोर्टवर हिरवट गंज चढला होता.