मदत हवी आहे: रेडिंगजवळ जुनी खडूची खाण, उघडा खड्डा की खाली बोगदेही?

नमस्कार मंडळी, इंग्लंडात लोकल हिस्टरीचा नाद असलेलं कोणी आहे का इथे? मी रेडिंगच्या उत्तरेला कॅव्हरशॅमच्या बाजूला राहतो, आमच्या मागच्या रानात एक मोठा वाटीसारखा खड्डा आहे, झाडं माजलीयेत, पण कडेची माती जरा उकरली की पांढरा खडू हाताला लागतो आणि त्यात फ्लिंटचे काळे गोटे.

1870-80च्या दशकातल्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) 25 इंची नकाशावर (एका मैलाला 25 इंच) तिथे 'ओल्ड चॉक पिट' लिहिलंय, म्हणजे तेव्हाच बंद पडलेला. टाइद मॅप (चर्चच्या दशमांश करासाठी केलेला जुना जमीन-नकाशा) पाहिला, शेताच्या नावातही 'पिट' आहे, पण खडू कशाला काढायचे ते कळत नाही. शेतात टाकायला, चुनाभट्टीला की विटांसाठी? विटांचा संशय जास्त, कारण जवळच एमर ग्रीनला वीटभट्टीसाठी जमिनीखालून खडू काढायचे. आणि रेडिंगात फील्ड रोडला 2000 साली जुन्या खाणीमुळे जमीन खचली होती, त्यामुळे बायको जरा टेन्शनमध्ये.

सर्व्हेयर लावायचा नाहीये (महाग!), घरही विकायचं नाहीये, फक्त इतिहास हवाय. कॅव्हरशॅम 1911 पर्यंत ऑक्सफर्डशायरात होतं, नंतर बर्कशायरात आलं, म्हणून कागद दोन काउंट्यांत विखुरलेत आणि मला सुट्टी एकच दिवस. तर आधी कुठल्या आर्काइव्हला जाऊ, आणि बोगदे होते का हे कळायला नेमकी कुठली कागदपत्रं मागू, इस्टेटीचे भाडेकरार की वीटभट्टीचे हिशोब?