गोठ्यात गोचीड, कुत्र्यावर गोचीड, आता पोराच्या कानामागेपण. काय करावं?

माळवदकर_मोहोळ

गाव मोहोळ तालुक्यात. घर जुनं, दगडमातीच्या भिंतींचं, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दावणीला दोन जर्सी गाई, एक खिल्लार कालवड आणि दारात मोती, आमचं गावठी कुत्रं. बेंदराला जनावरं धुतली तेव्हा कासेजवळ चार-दोन गोचिड्या दिसल्या होत्या, त्या उपटून टाकल्या. मग पाऊस झाला, वर ऊन तापलं आणि जिकडं बघावं तिकडं गोचिड्याच. मोतीच्या कानात आहेत, पंजाच्या बेचक्यात आहेत. कालवड दिवसभर खांबाला अंग घासत असते.

काल पोराला आंघोळ घालताना कानामागे एक चिकटलेली सापडली. आई रॉकेलचा बोळा घेऊन आली. मी म्हटलं थांब जरा, आणि बायकोच्या भुवयांच्या चिमट्यानं ओढून काढली. तिथं लाल गाठ राहिलीय, ताप नाही. पण बायकोच्या मोबाईलवर गोचिडीतून होणाऱ्या माकडतापाचा मेसेज फिरतोय, तेव्हापासून तिला झोप नाही.

कृषी केंद्रवाल्यानं तुरीवर मारायच्या औषधाची बाटली दिलीय, म्हणतो हेच पातळ करून गाईंवर मारा. शेजारचे आण्णा म्हणतात तंबाखूचं पाणी लावा. चुलत्याचं म्हणणं, उन्हाळ्यात रानात मेंढ्या बसवल्या त्यांनीच ही पीडा आणली. मला काही सुचंना झालंय. कुणी नीट सांगेल का?

बार्शीचा_बाळू

आमच्याकडं सगळे शेतातलंच औषध मारतात. काय होत नाय. जास्त विचार करू नका.

दावण_मंगळवेढा

बाळूभाऊ, काय होत नाही म्हणता? आमच्या शेजारच्या वस्तीवर एकानं म्हशीवर असंच कपाशीचं औषध मारलं. तासाभरात म्हैस लाळ गाळायला लागली, अंग थरथर कापायला लागलं. डॉक्टर गावातच होते, त्यांनी ॲट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, टोचलं म्हणून जगली. जनावर स्वतःचं अंग चाटतं हो, आणि वासरू आईचं चाटतं. पिकाच्या औषधाचं प्रमाण पानासाठी ठरवलेलं असतं, कातडीसाठी नाही. मोहोळकर, ती बाटली परत करून या. तंबाखूच्या पाण्याचंही तेच, निकोटिन कातडीतून आत जातं. आण्णांना म्हणावं, तुमची तंबाखू तुमच्याच चंचीत ठेवा.

मी गोठा बघते म्हणून गोठ्यातलंच सांगते. लोक जनावरावरच्या गोचिड्या मोजत बसतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली, एरंडाच्या बीसारखी राखाडी दिसते ती मादी. ती गाईवर अंडी घालत नाही. पोट भरलं की गळून पडते, जमिनीत नाहीतर भिंतीच्या भेगेत शिरते, तिथं दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. तुम्ही गाय चकाचक केली तरी ही पिलावळ तुमच्या दगडमातीच्या भिंतीत शाबूत असते. माळवदाचं घर म्हणजे तर तिला आयतं माहेर.

त्यात जातीजातीचा फरक आहे. गाईवरची एक जात पिल्लापासून मोठी होईपर्यंत एकाच जनावरावर राहते, साधारण तीन आठवडे. मोतीवरची तपकिरी गोचीड मात्र दर वेळी रक्त प्यायली की खाली उतरते, कात टाकते आणि परत चढते. शिवाय तिला भिंतीवर वर वर जायची खोड. मोती बसतो त्या कोपऱ्यात रात्री बॅटरी घेऊन बघा. खाली काही नसेल, पण दाराच्या चौकटीमागे, तुळईच्या खाचेत घोळका असेल. उपाशीपोटी महिनोन्‌महिने काढते ती. कुत्रं चार दिवस दुसरीकडं बांधून ती मरत नाही.

तेव्हा सुरुवात भिंतीपासून करा. जनावरं बाहेर बांधा. गव्हाणीखालचा जुना कडबा आणि शेणाचा थर काढून लांब न्या. भेगा खरवडून मातीनं नाहीतर सिमेंटनं बुजवा, वर चुना मारा. बुजवायच्या आधी भेगांत गोचिडीचं औषध फवारलंत तर उत्तम. काहीजण फ्लेमगननं भिंत भाजतात. पक्क्या गोठ्यात चालतं, पण तुमच्या लाकडी तुळया आणि कडब्याची गंजी बघता तो उद्योग करू नका.

जनावरावर मारायला ॲमिट्राझ १२.५ टक्के किंवा डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के, जनावरांच्या औषधाच्या दुकानातलं. दोन्ही लिटरभर पाण्याला २ मिली. दोन्ही एकत्र करायची नाहीत. गाभण जनावर, लहान वासरू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फवारायच्या आधी जनावराला पोटभर पाणी पाजा, तहानलेलं जनावर ओलं अंग चाटतं. वेळ सकाळची, जागा सावलीची, फवारा केसांच्या उलट दिशेनं. कानाच्या आतली बाजू, शेपटीखाली, मांडीच्या बेचक्यात फडक्यानं लावा, कारण पंपाचा फवारा तिथं पोचतच नाही आणि तिथंच त्या असतात. हातात मोजे घाला. धार काढायच्या आधी सड धुऊन घ्या. जखम असेल तिथं लावू नका.

हे सगळ्या जनावरांना एकाच दिवशी, आणि पंधरा दिवसांनी परत. औषधानं अंडी मरत नाहीत. पहिल्या फवारणीनंतर गोठा स्वच्छ दिसतो, माणूस पंप माळ्यावर टाकतो आणि महिन्यानं म्हणतो औषध बोगस. आणि पैसे वाचवायला पातळ करून मारू नका. अर्धवट डोसातून ज्या वाचतात त्यांना पुढं ते औषध लागूच पडत नाही.

तुमच्या खिल्लारपेक्षा जर्सीवर जास्त लक्ष ठेवा. संकरित गाईला गोचिडीतून थायलेरिया होतो. खूप ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, चारा बंद, दूध एकदम उतरलेलं. लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर बबेसिया, तोही गोचिडीतूनच होतो. दोन्हीत वाट बघायची नसते, १९६२ ला फोन लावा, फिरता दवाखाना येतो. संकरित जनावरांसाठी थायलेरियाची लसही असते, त्याबद्दल विचारा.

मेंढ्यांचं म्हणाल तर धनगराला शिव्या देऊ नका. गोचीड मेंढ्यांबरोबर येते तशी बाजारातून आणलेल्या गाईबरोबरही येते. सांगोल्याच्या बाजारातून नवीन जनावर आणलं की मी ते आधी वेगळं बांधते, फवारते, मग दावणीला घेते. मेंढ्यांच्या खतावर ज्वारी घ्यायची आणि गोचिडीचं खापर मेंढ्यांवर फोडायचं, हे बरं नाही.

तालुक्याचा_डॉक्टर

माणसांचा डॉक्टर आहे, तेवढंच बोलतो.

चिमट्यानं काढलीत हे योग्य केलंत. कातडीला अगदी लगटून धरायची, पिळायची नाही, सावकाश सरळ वर ओढायची. रॉकेल, काडेपेटीची काडी, व्हॅसलीन यातलं काही नको. त्रास दिला की ती आपल्या पोटातलं जखमेत ओकू शकते. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर कोरत बसू नका, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. जागा साबणानं धुवा. काढलेली गोचीड नखांवर चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. क्रायमियन काँगो ताप हा विषाणूचा आजार गोचीड चावल्यानं, चिरडल्यानं किंवा लागण झालेल्या जनावराच्या रक्तातून पसरतो. २०११ मध्ये गुजरातेत साणंदजवळ त्याचे रुग्ण सापडले होते.

माकडतापाची भीती घरात सांगून कमी करा. तो १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात सापडला. आपल्या राज्यात सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात त्याचे रुग्ण झाले. दाट जंगल, माकडं आणि तिथली वेगळी गोचीड असा तो सगळा मामला आहे. मोहोळचं माळरान त्यात बसत नाही.

आपल्याकडं लक्षात ठेवायचा तो गोचीड-टायफस. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पोराला ताप आला, डोकं दुखलं, अंगावर आणि विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ उठलं, किंवा चावल्या जागी काळी खपली धरली, तर त्याच दिवशी दाखवा. आणि तोंडानं सांगा की गोचीड चावली होती. नाहीतर विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्ततपासणी होते, टायफॉइड म्हणून औषध सुरू होतं आणि ताप काही उतरत नाही. यावर डॉक्सिसायक्लिन चांगलं चालतं, पण डॉक्टरांनी दिलेलं. घरात पडलेल्या गोळ्या देऊ नका.

रोज संध्याकाळी पोरगं तपासा. कानामागे, केसांत, काखेत, जांघेत, आणि करदोट्याखाली. करदोट्याखाली कुणी बघत नाही. कानाच्या आत घुसली असेल तर घरी काडी घालायची नाही, कानाच्या डॉक्टरकडं जायचं.

माळवदकर_मोहोळ

दोघांचे आभार. काल रात्री बॅटरी घेऊन मोतीच्या कोपऱ्यात गेलो. खाली खरंच काही नव्हतं. चौकटीच्या वरच्या फटीत काडी घातली तर भुरभुर खाली पडल्या, बारीक-मोठ्या सगळ्या. आई म्हणाली ही अवलाद आपल्याबरोबर राहत होती व्हय! पोराच्या करदोट्याखाली काही नाही, ताप नाही.

काकू, दोन गोष्टी राहिल्या. मोतीलापण गाईचंच औषध मारू का? तो दोन दिवसांपासून भाकरी अर्धी टाकतोय. आणि घरात एक मांजर आहे, पोराच्या अंथरुणात झोपते.

दावण_मंगळवेढा

भाकरी टाकतोय तर आधी हिरड्या बघा. पांढऱ्या पडल्या असतील, नाकातून रक्त येत असेल, अंग तापलं असेल तर त्याला गोचीडताप आहे. मग फवारा-बिवारा राहू द्या, पशुवैद्याकडं न्या आणि रक्त तपासा. ठीक असेल तर कुत्र्यासाठी हल्ली खायची गोळी मिळते, वजनावर ठरते. एका प्रकारची महिनाभर चालते, एकाची तीन महिने. महाग आहे, पण गावठी कुत्र्याला धरून पाच जणांनी औषध चोळण्यापेक्षा परवडते. मानेवर थेंब टाकायचं फिप्रोनिलही चालतं, पुढं दोन दिवस आंघोळ घालायची नाही.

मांजराला ॲमिट्राझ नको, आणि कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध तर अजिबात नको, मांजर झटके येऊन मरतं. मांजरासाठी वेगळं मिळतं, त्यावर मांजराचं चित्र आणि वजन असतं, तेच आणा. गोठा फवारून वाळेपर्यंत मांजर आणि कोंबड्या दोन्ही आत येऊ देऊ नका. वाळल्यावर कोंबड्या मात्र मुद्दाम सोडा, खाली पडलेल्या गोचिड्या टिपतात. माझ्याकडच्या दोन गावरान कोंबड्या बसलेल्या गाईच्या अंगावरून वेचून खातात आणि गाय डोळे मिटून बसते.