दारूने जीन्स बदलतात म्हणजे नक्की काय होतं?

प्रश्न
दादाने बरीच वर्षं घेतली, आता पूर्ण बंद केलीय. पण दारूने जीन्स बदलतात असं वहिनीने कुठंतरी वाचलं आणि तेव्हापासून ती जाम घाबरलीय. डीएनएच बदलतो का? आणि सोडल्यावर पुन्हा पहिल्यासारखं होतं का?

उत्तर १
मुख्य बदल होतो तो कुठलं जीन किती चालू आणि किती बंद यात. दारूचं लिव्हरमध्ये आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग अ‍ॅसिटेट, आणि हे अ‍ॅसिटेट रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं. आता डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो, रिळावर दोरा असतो तसा, त्या हिस्टोनला अ‍ॅसिटेटपासून बनलेलं अ‍ॅसिटिल चिकटलं की गुंडाळी सैल होते आणि तिथली जीन्स जोरात कामाला लागतात. २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या शेली बर्जर यांच्या टीमने उंदरांत हे दाखवलं, दारूतूनच आलेलं अ‍ॅसिटेट हिप्पोकॅम्पसमधल्या हिस्टोनवर सापडलं. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी तयार होतात तो भाग! आणि हे घडवणारं एन्झाइम कमी केलं तर जिथे दारू मिळाली त्या जागेची ओढच उंदरांना लागली नाही. मला तरी यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, कारण ठरावीक जागा दिसली की तलफ का येते ते यातून थोडं कळतं.

उत्तर २
वरचं बरोबर आहे पण अर्धंच. अ‍ॅसिटाल्डिहाइड स्वतः डीएनएला चिकटतं, तोडतं, म्हणजे नुसतं चालू-बंद नाही, मूळ मजकूरही बिघडू शकतो. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तर १९८८ मध्येच दारूला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलं. आज दारूशी जोडलेले कॅन्सर म्हणजे तोंड, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं, बायकांमध्ये स्तन. ज्यांचं अ‍ॅसिटाल्डिहाइड मोडणारं एएलडीएच२ जीन कमजोर असतं (पूर्व आशियात असे लोक खूप) त्यांचा चेहरा पिताना लाल होतो, कारण अ‍ॅसिटाल्डिहाइड साठून राहतं, त्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका जास्त.

प्रश्नकर्ता
बापरे. मग सोडून फायदा?

उत्तर ३
आहे, नक्की आहे. दारूने फोलेट या व्हिटॅमिनची कमतरता होते आणि डीएनएवरच्या मिथाइल खुणा (जीन्स चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) विस्कटतात, पण दारू सोडलेल्यांच्या रक्तात या खुणांमधले बरेच फरक कमी झालेले दिसतात. तुटलेला डीएनए पेशी सतत दुरुस्त करतच असतात, फक्त रोज नवीन मोडतोड थांबली पाहिजे ना, ती तुमच्या दादाने थांबवलीय. सगळं पुसलं जाईल असं मी म्हणणार नाही, पण सोडल्यावर तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका कमी होतो याचा पुरावा पक्का आहे, हे वहिनींना आधी सांगा.